चूक कोणाची आणि पॉलिसी कोणाची

आमच्या घरातल्या वॉशिंग मशीनला पाणी नेणारी रबरी नळी जानेवारी २०२४ मध्ये एका दुपारी फुटली, तेव्हा घरात कोणीही नव्हते. कॅनडातल्या कॅल्गरीत तो आठवडा फार कडक थंडीचा होता. तीनच दिवस आधी, १३ तारखेच्या संध्याकाळी, आमच्या अल्बर्टा प्रांतातल्या मोबाईलवर एकाच वेळी इशारा वाजला होता की विजेचा पुरवठा अपुरा पडू लागला आहे, अनावश्यक दिवे आणि यंत्रे ताबडतोब बंद करावीत. त्यामुळे इमारतीच्या व्यवस्थापकाने फोन करून तुमच्या घरातून खाली पाणी येत आहे असे सांगितले, तेव्हा गारठ्याने भिंतीतला पाइप तडकला असेल असाच माझा पहिला समज झाला. घरी पोचल्यावर वेगळेच दिसले. मशीनच्या मागे, भिंतीतल्या नळाला नळी जिथे जोडलेली असते तिथून बोटभर अंतरावर, जेमतेम दीड इंचाची उभी चीर पडली होती आणि त्या चिरेतून पाऊण तास पाणी वाहिले होते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या दिवाणखान्यात छतावरच्या दिव्यातून उतरले आणि तिथून पहिल्या मजल्यावर गेले. संध्याकाळपर्यंत दुरुस्तीवाल्या कंपनीची माणसे आली, त्यांनी तिन्ही घरांतल्या भिंतींचा खालचा दोन फुटांचा पट्टा कापून काढला आणि जागोजागी मोठे पंखे लावले. ते पंखे सलग पाच दिवस चालू होते, रात्रीसुद्धा. सहा आठवड्यांनी आमच्या नावाने पत्र आले. एकूण दुरुस्तीचा खर्च सुमारे ७०,००० डॉलर होता, इमारतीच्या विम्याने त्यातली ३५,००० डॉलरची पहिली रक्कम वगळून बाकीचे दिले होते, आणि ती पहिली रक्कम आता आम्ही भरायची होती.

मी व्यवस्थापकाला विचारले की यात आमची चूक काय. नळी जुनाट नव्हती, मशीन नीट बसवलेले होते, घर बंद करून आम्ही कुठे महिनाभर गेलेलो नव्हतो. त्याने शांतपणे सांगितले की कायद्यात चूक कोणाची हा प्रश्नच विचारलेला नाही, नुकसान कोणाच्या घरातून सुरू झाले एवढेच विचारले आहे. त्या उत्तराने मी पुष्कळ अस्वस्थ झालो, आणि त्यानंतरचे काही महिने अल्बर्टातल्या विम्याचे नियम मुळापासून वाचण्यात घालवले. आपल्यापैकी जे ऑन्टारिओतून किंवा थेट पुण्या-नाशिकहून इथे आले आहेत, त्यांच्या बोलण्यात जे समज मला वारंवार ऐकू येतात ते माझेही होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडून येणाऱ्या माणसाला सर्वात आधी खटकते ती गोष्ट म्हणजे कॅनडात विम्याचे नियम प्रांताप्रांतानुसार बदलतात. भारतात मोटार वाहन कायदा सगळीकडे १९८८ चाच आहे आणि विम्यावर देखरेख करणारे प्राधिकरणही एकच आहे. पुण्याहून नागपूरला किंवा पणजीला बदली झाली म्हणून गाडीच्या विम्याचा अर्थ बदलत नाही. कॅनडाच्या १८६७ च्या राज्यघटनेने मालमत्ता आणि नागरी हक्क हे विषय प्रांतांकडे दिले, आणि विम्याचा करार त्यातच मोडतो असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, १८८१ मध्ये दिला. त्याचे परिणाम आजही दिसतात. ब्रिटिश कोलंबिया, सस्कॅचेवन आणि मॅनिटोबा इथे गाडीचा मूळ विमा सरकारी संस्था देते. अल्बर्टा आणि ऑन्टारिओ इथे तो खासगी कंपन्यांकडून घ्यावा लागतो. काँडोच्या बाबतीत तर शब्दसुद्धा बदलतात. टोरोंटोतल्या नातेवाइकाने सांगितलेली गोष्ट कॅल्गरीत खरी असेलच असे नाही. आपल्या पॉलिसीत काय लिहिले आहे हे मला पुरते कळायला तर १०,००० डॉलर मोजावे लागले. ते कसे, ते पुढे येईलच.

आधी काँडोचा नियम पाहू. काँडो म्हणजे आपल्या सोसायटीतला फ्लॅट, कॉर्पोरेशन म्हणजे सोसायटी, बोर्ड म्हणजे कमिटी आणि काँडो फी म्हणजे मेंटेनन्स, असे समीकरण आपण मनात बांधून घेतो आणि ते बरेचसे बरोबरही आहे. फरक विम्यात आहे. महाराष्ट्रात कित्येक सोसायट्या इमारतीचा विमा उतरवतच नाहीत आणि उतरवला तरी सभासदाचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. अल्बर्टात कॉर्पोरेशनला संपूर्ण इमारतीचा विमा पुनर्बांधणीच्या पूर्ण किमतीइतका उतरवावाच लागतो, आणि त्यात सामायिक जिने व छतच नव्हे तर प्रत्येकाच्या घरातल्या भिंती, फरशी आणि कपाटेसुद्धा, मूळ बांधकामात जशी होती तशी, येतात. म्हणून इमारतीचा विमा आहे ना, मग आपल्याला कशाला, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर डिडक्टिबलमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक दाव्यातली जी पहिली रक्कम विमा कंपनी देत नाही आणि विमाधारकाने स्वतः सोसायची असते, तिच्यात.

ही रक्कम पूर्वी कोणी भरायची, हे ज्या त्या कॉर्पोरेशनच्या उपविधींवर अवलंबून असे. काही ठिकाणी ती ज्याच्या घरातून नुकसान झाले त्याच्याकडून घेतली जाई, काही ठिकाणी सगळ्यांच्या काँडो फीमधून जाई, आणि काही ठिकाणी वकिलांच्या फीमध्ये त्याहून जास्त पैसे जात. १ जानेवारी २०२० पासून अल्बर्टाने सर्वांसाठी एकच नियम केला. नुकसानीचा उगम तुमच्या घरात किंवा तुमच्या खास वापरासाठी दिलेल्या जागेत असेल, तर कॉर्पोरेशनच्या विम्याचे डिडक्टिबल तुमच्याकडून वसूल करता येते, त्याला कमाल मर्यादा ५०,००० डॉलरची आहे, आणि त्यासाठी तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. घर भाड्याने दिले असेल आणि भाडेकरूकडून बाथटब भरून वाहिला असेल, तरी कॉर्पोरेशन मालकाकडेच येते. भाडेकरूकडून काही वसूल करायचे असेल तर तो मालकाचा आणि त्याचा वेगळा प्रश्न. नुकसान मूळ बांधकामातल्या दोषामुळे किंवा कॉर्पोरेशनच्याच कृतीमुळे अथवा हलगर्जीमुळे झाले असेल तर मात्र मालकाची सुटका होते. म्हणूनच थंडीने भिंतीतला पाइप तडकला असता तर आमची गोष्ट कदाचित निराळी झाली असती, आणि म्हणूनच व्यवस्थापकाने आल्याबरोबर त्या नळीचे चार बाजूंनी फोटो काढून घेतले होते.

ऑन्टारिओत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. तिथल्या कायद्याच्या कलम १०५ मध्ये मालकाच्या कृतीमुळे किंवा त्याने काही न केल्यामुळे नुकसान झाले का, हे पाहिले जाते. माझा मावसभाऊ ब्रॅम्प्टनला राहतो आणि त्याने मला फोनवर ठामपणे सांगितले होते की तुझी चूक नाही तर एक पैसाही देऊ नकोस. तो खोटे बोलत नव्हता, त्याच्या प्रांताचा नियम सांगत होता. मी त्याच्या भरवशावर कॉर्पोरेशनला एक तिखट ईमेल पाठवला, ज्याची मला नंतर माफी मागावी लागली.

आता त्या १०,००० डॉलरविषयी. काँडोच्या मालकाने स्वतःची जी वेगळी पॉलिसी घ्यायची असते, तिच्यात घरातले सामान, स्वतः केलेल्या सुधारणा, दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी, घर राहण्याजोगे नसेल तेव्हाचा बाहेर राहण्याचा खर्च, आणि कॉर्पोरेशनचे डिडक्टिबल आपल्यावर आले तर ते भरण्याची तरतूद असे निरनिराळे भाग असतात. या शेवटच्या भागाची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. २०१८ मध्ये घर घेतले तेव्हा कॉर्पोरेशनचे पाण्याच्या नुकसानीचे डिडक्टिबल २५,००० डॉलर होते, म्हणून आमच्या पॉलिसीतही २५,००० चीच मर्यादा घेतली होती. पुढे अल्बर्टातल्या काँडोंचा विमा झपाट्याने महागला, विमा कंपन्यांनी हप्ते आणि डिडक्टिबल दोन्ही वाढवले, आणि आमच्या इमारतीचे डिडक्टिबल एका नूतनीकरणात ३५,००० झाले. त्याची सूचना आम्हाला मिळाली होती, कारण अशा बदलाची माहिती मालकांना देणे कॉर्पोरेशनवर बंधनकारक आहे. सप्टेंबरमध्ये आलेल्या चौदा पानी ईमेलच्या अकराव्या पानावर ती होती. मी पार्किंगच्या साफसफाईची तारीख पाहिली आणि ईमेल बंद केला. आमच्या विमा कंपनीने २५,००० दिले, आणि उरलेले १०,००० आमच्या बचतीतून गेले. मर्यादा वाढवून घेण्यासाठी वर्षाला लागणारा जादा हप्ता नंतर ब्रोकरने सांगितला तो चाळीस डॉलरच्या आत होता. हे आकडे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण घर घेताना एकदा घेतलेली पॉलिसी दरवर्षी आपोआप चालू राहते आणि तिच्या शेजारी उभी असलेली इमारतीची पॉलिसी मात्र दरवर्षी बदलत असते, ही विसंगती आकड्यांशिवाय डोळ्यांसमोर येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे जे झाले ते मला आमच्या नुकसानीपेक्षा जास्त लागले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. नवरा गेल्यावर मोठे घर विकून त्या या इमारतीत आल्या आणि बिल्डरने टाकलेला कार्पेट काढून त्यांनी ओक लाकडाची जमीन बसवून घेतली होती, १८,००० डॉलर खर्चून. पाण्याने ती जमीन फुगली, फळ्यांच्या कडा वर आल्या आणि दोन आठवड्यांत ती पूर्ण उखडावी लागली. इमारतीच्या विम्यातून त्यांना मिळाले ते कार्पेटचे पैसे. इथेही नियमच आडवा आला. प्रत्येक कॉर्पोरेशनने आपल्या घरांचे एक प्रमाण वर्णन ठरवायचे असते, स्टँडर्ड इन्शुरेबल युनिट डिस्क्रिप्शन असे त्याचे लांबलचक नाव आहे. जमिनीवर कोणत्या दर्जाचे आच्छादन, स्वयंपाकघराचा ओटा कशाचा, दिवे कोणते, हे सगळे त्यात लिहिलेले असते. कॉर्पोरेशनने असे वर्णन केले नसेल तर नियमावलीतले सर्वसाधारण वर्णन लागू होते. इमारतीचा विमा त्या वर्णनापुरताच. त्याहून वरचे जे काही मालकाने किंवा आधीच्या मालकाने बसवले असेल, ते सुधारणांमध्ये मोडते आणि त्याचा विमा मालकाने स्वतःच्या पॉलिसीत घ्यायचा असतो. बाईंच्या पॉलिसीत सुधारणांची मर्यादा १०,००० डॉलर होती.

उरलेल्या रकमेसाठी त्यांनी आमच्याकडे पाहावे, हे साहजिक होते, आणि मलाही ते योग्य वाटले. मी माझ्या पॉलिसीतल्या दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीच्या भागाखाली दावा केला. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने तो नाकारला, कारण त्या भागात पैसे द्यायला आमचा निष्काळजीपणा दिसायला हवा आणि तो नव्हता. एकाच नळीच्या एकाच चिरेवर दोन निराळे कायदे लागू झाले होते. कॉर्पोरेशनच्या डिडक्टिबलसाठी चूक नसतानाही आम्ही पूर्ण जबाबदार होतो, आणि शेजारणीच्या जमिनीसाठी चूक नाही म्हणून अजिबात जबाबदार नव्हतो. मला हे अजूनही पटलेले नाही. नियम करणाऱ्यांनी कॉर्पोरेशनला वसुलीचा सोपा रस्ता दिला, कमाल मर्यादा घालून मालकाला संरक्षणही दिले, पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला हिशेब जुन्या तत्त्वावर ठेवला, आणि त्या फटीत सापडतो तो खालच्या मजल्यावरचा माणूस.

हे सगळे वाचत असताना लक्षात आले की गाडीच्या विम्यातही अल्बर्टाने थोड्याच काळात त्याच दिशेने पाऊल टाकले आहे. १ जानेवारी २०२२ पर्यंत इथे असे होते की मागून कोणी धडक दिली तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीकडून मिळवायचे. तुम्ही तिचे ग्राहक नसल्यामुळे तिला तुमची घाई नसे. त्या तारखेपासून डायरेक्ट कॉम्पेन्सेशन फॉर प्रॉपर्टी डॅमेज, सगळे ज्याला डीसीपीडी म्हणतात, ती पद्धत सुरू झाली. अपघातात जितका भाग तुमच्या चुकीचा नाही, तितक्या भागाची भरपाई तुमचीच विमा कंपनी तुम्हाला देते आणि दुसऱ्या कंपनीकडे मागायला जात नाही. ऑन्टारिओ आणि क्वेबेकमध्ये ही पद्धत कित्येक वर्षांपासून होती.

माझ्या पत्नीला २०२३ च्या मार्चमध्ये क्रोचाइल्ड ट्रेलवर लाल दिव्याला उभी असताना मागून एका पिकअपने ठोकले. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता आणि पिकअप थांबू शकला नाही. आमची गाडी अकरा वर्षांची असल्यामुळे तिच्यावर आम्ही कोलिजनचे, म्हणजे धडकेत स्वतःच्या गाडीच्या होणाऱ्या नुकसानीचे, कव्हर ठेवलेले नव्हते. जुन्या पद्धतीत आम्हाला पिकअपवाल्याच्या कंपनीमागे लागावे लागले असते. या वेळी आमच्याच कंपनीला फोन केला, चूक पूर्णपणे मागच्या गाडीची ठरली, मागचा बंपर आणि डिकीचे झाकण बदलून मिळाले, आणि गाडी वर्कशॉपमध्ये असताना नऊ दिवस भाड्याची गाडीही मिळाली, कारण गाडी वापरता न येण्याचे नुकसानही त्यात धरलेले आहे. या बदलाबद्दल मी मनापासून समाधानी आहे.

तरीही त्याच्या कडा ओळखून ठेवायला हव्यात. डीसीपीडी लागू व्हायला अपघात अल्बर्टात झालेला असावा लागतो आणि त्यात निदान दोन विमा उतरवलेल्या गाड्या गुंतलेल्या असाव्या लागतात. तुमच्या स्वतःच्या चुकीचा भाग त्यातून मिळत नाही, त्यासाठी कोलिजन लागते. धडक देऊन कोणी पळून गेला तरीही कोलिजनच लागते, कारण दुसरी गाडी कोणाची आणि तिचा विमा होता का, हेच सांगता येत नाही. आमच्या इमारतीच्या भूमिगत पार्किंगमध्ये एका तरुण मराठी जोडप्याच्या गाडीचे दार कोणीतरी असेच चेपले. त्यांची अशी ठाम समजूत होती की जागा इमारतीची आहे म्हणजे इमारतीचा विमा भरपाई देईल. तो देत नाही. कॉर्पोरेशनच्या विम्यात रहिवाशांच्या गाड्या येत नाहीत. वरचा पाइप गळून गाडी खराब झाली, तरी आधी स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीतले कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे धडकेव्यतिरिक्त इतर नुकसानीचे, कव्हरच कामी येते. चार पैसे वाचवण्यासाठी जुन्या गाडीवरचे कोलिजन काढून टाकणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, आम्हीही तो घेतला होता, पण तो घेताना आपण नेमके काय सोडले हे माहीत असावे.

नव्या पद्धतीने हप्त्याचे गणितही थोडे बदलले. पूर्वी तुमचा विमा समोरच्याची गाडी दुरुस्त करत असे आणि ती कोणती निघेल ते कोणालाच माहीत नसे. आता तो तुमचीच गाडी दुरुस्त करतो, त्यामुळे तुमची गाडी दुरुस्त करायला किती महाग आहे याला जास्त महत्त्व आले. बंपरमध्ये सेन्सर आणि कॅमेरे असलेली नवी गाडी घेताना विम्याचा आकडा आधीच विचारून घेतलेला बरा. ऑन्टारिओने १ जानेवारी २०२४ पासून चालकांना डीसीपीडी नाकारण्याची मुभा दिली, तेव्हा माझ्या त्याच मावसभावाने ते करू का असे विचारले. मी त्याला नको म्हटले. हप्त्यातली थोडी बचत मिळते, पण मग मागून कोणी ठोकले तरी स्वतःच्या गाडीचे पैसे कुठूनच मिळत नाहीत, दुसऱ्यावर दावाही करता येत नाही.

यानंतर ५ ऑगस्ट २०२४ ची गारपीट आली. त्या संध्याकाळी आम्ही शहराच्या ईशान्येला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो आणि गाडी रस्त्यावर उभी होती. वीस-पंचवीस मिनिटांत गारांनी घरांच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणांना चाळणीसारखी भोके पाडली, विमानतळाच्या इमारतीचेही नुकसान झाले, आणि विमा उतरवलेल्या नुकसानीचा पहिला अंदाजच सुमारे २.८ अब्ज डॉलरचा निघाला. चारच वर्षांपूर्वी, १३ जून २०२० ला, याच भागात अब्जाहून अधिक डॉलरचे नुकसान करणारी गारपीट झाली होती. गारा कोणाच्या चुकीने पडत नाहीत आणि त्यात दुसरी गाडीही नसते, म्हणून डीसीपीडीचा इथे उपयोग नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तरच गाडीच्या टपाचे आणि काचेचे पैसे मिळतात. सुदैवाने आम्ही ते ठेवले होते.

मित्राचे घर काँडोतलेच आहे, एका रांगेतली टाउनहाउसेस, ज्यांची छपरे कॉर्पोरेशनच्या मालकीची असतात. त्याने मला विचारले की गारपिटीचे डिडक्टिबलही ५०,००० च्या मर्यादेतच येईल ना. या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण इथे फार जणांचा घोटाळा होतो. ती मर्यादा एकाच परिस्थितीसाठी आहे, नुकसान एखाद्या विशिष्ट मालकाच्या घरातून सुरू झाले तर. आभाळातून आलेल्या गारांचे डिडक्टिबल सगळ्या मालकांचे सामायिक असते, आणि अल्बर्टातल्या बऱ्याच पॉलिसींत गारपिटीचे डिडक्टिबल ठरावीक रकमेऐवजी विमा उतरवलेल्या किमतीच्या टक्क्यांत असते. समजा वीस घरांच्या वसाहतीचा विमा एक कोटी डॉलरचा आहे आणि गारपिटीचे डिडक्टिबल पाच टक्के आहे, तर पाच लाख डॉलर कॉर्पोरेशनने उभे करायचे, म्हणजे सरासरी प्रत्येक घरामागे २५,०००. राखीव निधीतून ते निघाले नाहीत तर बोर्ड विशेष वर्गणी बसवते आणि ती देणे टाळता येत नाही. त्यासाठी स्वतःच्या पॉलिसीत आणखी एक वेगळा भाग असतो, अशा सामायिक वर्गणीचा, आणि तो डिडक्टिबलच्या भागासारखाच दिसत असला तरी त्याची मर्यादा, अटी आणि अपवाद वेगळे असतात. मित्राच्या पॉलिसीत दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या आणि दोन्हींपुढे निरनिराळे आकडे होते. त्याने त्या आधी कधी वाचलेल्या नव्हत्या.

गारपिटीचा परिणाम सगळ्या चालकांच्या हप्त्यावरही झाला. सरकारने २०२३ मध्ये गाडीच्या विम्याची दरवाढ रोखून धरली होती, २०२४ साठी चांगल्या चालकांची वाढ ३.७ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, आणि २०२५ पासून ती मर्यादा ७.५ टक्क्यांवर नेली, ज्यातले अडीच टक्के नैसर्गिक आपत्तींच्या खर्चापोटी आहेत. म्हणजे ज्याने गाडी तळघरात उभी केली होती त्यालाही हप्त्यात थोड्या गारा लागल्याच.

या सगळ्यापेक्षा मोठा बदल १ जानेवारी २०२७ साठी ठरवलेला आहे. केअर-फर्स्ट नावाच्या या पद्धतीची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली आणि त्यासाठीचा कायदा २०२५ मध्ये विधानसभेने संमत केला. डीसीपीडीने गाडीच्या पत्र्यासाठी जे केले ते ही पद्धत माणसाच्या दुखापतीसाठी करते. अपघातात चूक कोणाचीही असो, उपचाराचा आणि बुडालेल्या उत्पन्नाचा खर्च जखमी माणसाला विम्यातून मिळेल आणि आजच्या तुलनेत तो पुष्कळ जास्त असेल. सध्या वैद्यकीय खर्चाची ही मर्यादा माणशी ५०,००० डॉलर आहे. त्याच्या बदल्यात चूक करणाऱ्यावर न्यायालयात दावा करण्याचा हक्क बहुतेक प्रकरणांत जाईल, दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या गंभीर गुन्ह्यात चालक दोषी ठरला तर तो राहील, असे थोडेच अपवाद ठेवले आहेत. हप्त्यात वर्षाला ४०० डॉलरपर्यंत बचत होईल असे सरकारचे म्हणणे आहे.

माझे मत या बाबतीत दुभंगलेले आहे. नव्याने आलेल्या कुटुंबाला वकील शोधून तीन-चार वर्षे दावा चालवणे परवडत नाही. त्याला फिजिओथेरपी पुढच्या आठवड्यात हवी असते आणि घरभाडे एक तारखेला द्यायचे असते, आणि अशा माणसासाठी ही पद्धत नक्कीच चांगली आहे. पण ज्याची दुखापत तक्त्यातल्या कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही, त्याला विमा कंपनीने नाही म्हटल्यावर कोणाकडे दाद मागायची, हा प्रश्न मला भेडसावतो. त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण ठरवले आहे. ते किती वेगाने आणि किती खुल्या मनाने काम करते यावर सगळे अवलंबून राहील. नळीच्या प्रकरणात मी पाहिले आहे की चूक कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवला की निकाल झटकन लागतो, आणि पॉलिसीत आकडा अपुरा असला की तोच निकाल तितक्याच झटकन अंगावर येतो.

गेल्या सप्टेंबरमध्ये कॉर्पोरेशनचे नूतनीकरणाचे पत्र आले तेव्हा मी ते त्याच संध्याकाळी शेवटपर्यंत वाचले. पाण्याच्या नुकसानीचे डिडक्टिबल ५०,००० झाले होते. ब्रोकरला लिहिले, आणि दोन दिवसांत आमच्या पॉलिसीचे सुधारित पान आले, ज्यावर त्या ओळीपुढे ५०,००० असे छापलेले आहे. मशीनला आता स्टीलच्या जाळीची नळी आहे आणि ती बदलल्याची पावती त्या पानाच्या मागे लावली आहे.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांची पॉलिसी घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांनी पुन्हा ओकचीच जमीन बसवली आहे. जेवणाच्या टेबलावर आम्ही पॉलिसीची पाने पसरली आणि त्या पेन्सिलीने एकेका ओळीखाली रेघ मारत गेल्या: सामान, सुधारणा, डिडक्टिबल, सामायिक वर्गणी, बाहेर राहण्याचा खर्च. सुधारणांच्या ओळीपाशी त्या थांबल्या, पिशवीतून जमिनीचे बिल काढून त्यांनी शेजारी ठेवले आणि जुना १०,००० चा आकडा खोडून वर २०,००० लिहिला. मग त्यांनी विचारले की स्वयंपाकघराचा ओटाही त्यांनीच बदललेला आहे, तर तो यात मोजला आहे का. तो मोजलेला नव्हता.